७७ नंबरची गाडी आणि लिनक्सचा पेंग्विन: रेसमधली जाहिरात ओपन सोर्सला परवडते का?

२००७ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० रेसमध्ये ७७ नंबरच्या गाडीवर टक्स होता, म्हणजे लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा (विंडोजच्या जागी वापरता येते ती) तो पोट सोडून बसलेला पेंग्विन. कुठल्या कंपनीने तो लावला नव्हता. लिनक्स वापरणाऱ्यांनी आपापसात वर्गणी काढून लावला होता. मोहिमेचं नाव टक्स ५००, आणि ती बॉब मूर आणि केन स्टार्क्स या दोघांनी उभी केली होती. ओपन सोर्सवाल्यांमध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या-वापरणाऱ्यांमध्ये, 'आपण जाहिरात का करत नाही' हा विषय निघाला की कुणीतरी या गाडीची आठवण काढतंच, आणि मग बहुतेक वेळा चर्चा 'गाडी आपटली, पैसे वाया गेले' एवढ्यावर संपते. मला हे प्रकरण त्यापेक्षा बरंच जास्त शिकवणारं वाटतं, म्हणून जरा नीट उलगडून लिहितोय.

आधी त्या वेळची परिस्थिती. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं होतं, लोक त्याला वैतागलेले होते, जुन्या कॉम्प्युटरवर ते धड चालत नव्हतं. एप्रिलमध्ये उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराची ७.०४ ही आवृत्ती आली होती. म्हणजे घरगुती कॉम्प्युटरवर लिनक्स बसायची हीच वेळ आहे असं वाटायला खरोखर जागा होती. अडचण अशी होती की सर्व्हर चालवणारे लोक सोडले तर लिनक्स हे नावच सामान्य माणसाच्या कानावर पडलेलं नव्हतं, आणि जे नाव ऐकलेलंच नाही ते माणूस मागणार तरी कसं? मूर आणि स्टार्क्स यांचा विचार इथूनच सुरू झाला, आणि तो चुकीचा नव्हता. नाव माहीत नसणं ही खरी अडचण होती.

आता रेसच का, तर इंडी ५०० ही साधीसुधी रेस नाही. १९११ पासून चालत आलेली, अडीच मैलाच्या ट्रॅकवर २०० लॅप, ३३ गाड्या, मैदानात अडीच लाखांच्या आसपास सीट आणि वर टीव्हीवर देशभर लाइव्ह. आणि रेसिंगमध्ये स्पॉन्सरचा स्टिकर ही लोकांच्या इतक्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की तिथे जाहिरात बघून कुणी नाक मुरडत नाही. उलट आपल्या आवडत्या ड्रायव्हरला जो पैसा देतो त्याचा माल आवर्जून घेणारा प्रेक्षक अमेरिकेत आहे.

हिशोब त्यांनी असा मांडला की ३,५०,००० डॉलर जमले तर चेस्टेन मोटरस्पोर्ट्स या छोट्या टीमच्या गाडीचं मुख्य स्पॉन्सरपद मिळेल, आणि लिनक्स वापरणाऱ्यांपैकी साडेतीन लाख लोकांनी एकेक डॉलर टाकला की काम झालं. कागदावर फार सुंदर दिसतं हे. पण साडेतीन लाख लोकांना एकाच कामासाठी पाकिटात हात घालायला लावणं ही एक डॉलरची गोष्ट नसतेच, आधी तेवढ्या लोकांपर्यंत पोचावं लागतं, त्यांचा विश्वास बसावा लागतो, आणि हे सगळं रेसच्या तारखेच्या आत, कारण रेस काही कुणासाठी थांबत नाही.

पैसे जमले, पण उद्दिष्टाच्या जवळपासही नाही, त्याचा अगदी छोटा हिस्सा. तरी टीमने टक्सला गाडीवर जागा दिली. पुढे रेसच्या आधीच्या सरावात मूळ ड्रायव्हर स्टेफान ग्रेगवार याचा अपघात झाला, पाठीला दुखापत झाली, आणि त्याच्या जागी ऐन वेळी रोबर्टो मोरेनोला बसवलं. मोरेनो ब्राझीलचा, तेव्हा ४८ वर्षांचा, एकेकाळी फॉर्म्युला वनमध्ये बेनेटनकडून १९९० च्या जपानच्या रेसमध्ये दुसरा आलेला अनुभवी माणूस. त्याने गाडी क्वालिफाय करून दाखवली हेच मोठं. २७ मेला रेस झाली, ३६ लॅपनंतर त्याची गाडी भिंतीला जाऊन आपटली, आणि निकालात तो ३३ वा, म्हणजे शेवटचा. त्यानंतर पाऊस आला, रेस काही तास थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा पाऊस, आणि शेवटी १६६ लॅपवर संपवून डारिओ फ्रँकिटीला विजेता घोषित केलं.

लोक इथे थांबतात. गाडी आपटली, विषय संपला. पण समजा नसती आपटली तर?

मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. समजा मोरेनोने १६६ लॅप नीट पूर्ण केले असते आणि पंधरावा वगैरे आला असता. टीव्हीवरचा कॅमेरा कुणाला दाखवतो? पुढच्या पाच-सहा गाड्यांना, मोठ्या नावांना, पिटमध्ये (गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात तिथे) गडबड झाली तर तिथे, आणि अपघाताला. त्या वर्षी तीन महिला ड्रायव्हर एकाच इंडी ५०० मध्ये होत्या, हे पहिल्यांदाच घडत होतं, तर बरंच लक्ष तिकडे होतं. मागच्या रांगांतून सुरुवात केलेली छोट्या टीमची गाडी शांतपणे पंधरावी येते तेव्हा ती जवळपास दिसतच नाही. म्हणजे खरं सांगायचं तर पेंग्विन टीव्हीवर ठळक दिसण्याची सगळ्यात खात्रीची संधी गाडी आपटल्यावरच होती, आणि 'कधी बंद पडत नाही' हे ज्या सॉफ्टवेअरचं पहिलं कौतुक सांगितलं जातं त्याचं चित्र मोडक्या गाडीवर दिसावं असं कुणालाच वाटणार नाही.

स्पॉन्सरशिपच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्क्रीनवर लोगो किती सेकंद दिसला, किती स्पष्ट दिसला, कॉमेंट्री करणाऱ्याने नाव घेतलं का, हे मोजून त्याचं डॉलरमध्ये मूल्य काढणाऱ्या कंपन्याच अमेरिकेत आहेत. मोठे स्पॉन्सर ही मोजणी करून घेतात. पण त्यांनाही नुसत्या सेकंदांवर समाधान नसतं. इंजिन ऑइलची कंपनी दुकानदारांना रेसला बोलवते, पिटमध्ये फिरवते, ड्रायव्हरशी हात मिळवायला लावते आणि पुढच्या वर्षाच्या ऑर्डरी तिथेच पक्क्या करते. ड्रायव्हरचे फोटो लावून दुकानात मांडणी करते. गाडीवरचा स्टिकर हा त्या सगळ्या खर्चाचा एक भाग असतो, आणि या धंद्यातलं जुनं गणित असं की स्टिकरवर जेवढा खर्च केला जवळपास तेवढाच तो स्टिकर वापरून घेण्यावर करावा लागतो, नाहीतर पहिला खर्च फुकट जातो. टक्स ५०० कडे तो दुसरा खर्च नव्हता, पहिलाच जमत नव्हता.

आता एक माणूस डोळ्यासमोर आणा. रविवारी दुपारी सोफ्यावर बसून रेस बघतोय, कॉम्प्युटर व्हिस्टामुळे रडतोय, आणि त्याला ७७ नंबरच्या गाडीवर पेंग्विन दिसला. कॉमेंट्रीवाल्याने सांगितलंही समजा की हे लिनक्स आहे, फुकट मिळतं. माणूस उठला, कॉम्प्युटर चालू केला, लिनक्स शोधलं. पुढे काय? त्याला उबंटू दिसतं, फेडोरा दिसतं, ओपनसुसे, मँड्रिव्हा, डेबियन दिसतं, आणि यातलं लिनक्स नेमकं कुठलं हेच कळत नाही. हिंमत करून एक निवडलं तर जवळपास ७०० एमबीची फाइल उतरवायची, ती साध्या फाइलसारखी कॉपी न करता इमेज म्हणून सीडीवर बर्न करायची, मग कॉम्प्युटर सुरू होताना कुठलंतरी बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जायचं, आधी सीडी मग हार्ड डिस्क असा क्रम लावायचा, मग हार्ड डिस्कचे भाग पाडायचा प्रश्न येतो आणि तिथे चूक झाली तर घरचे फोटो जातात. एवढं करून चालू झालं आणि वायफाय लागलंच नाही, कारण त्या वेळी कित्येक वायफाय चिप्सचे ड्रायव्हर (म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्समध्ये धड नव्हते. उबंटूवाले पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे हे खरं, पण ती यायला आठवडे जायचे, आणि रेसमध्ये दिसलेल्या पेंग्विनचं कुतूहल तेवढे दिवस टिकत नाही.

रेसमधून जे उत्पन्न होतं ते कुतूहल असतं, आणि ते थोड्या वेळाचं असतं. ऑइलवाल्याला ते पुरतं, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी दुकानात फळीवरचा एक डबा सोडून दुसरा उचलायचा असतो, बाकी काही बदलायचं नसतं. लिनक्सच्या बाबतीत त्या माणसाला अख्खी सवय बदलायची होती, आणि ती बदलायला त्याच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं. शिवाय लिनक्स म्हणजे खरं तर कर्नल, सिस्टिमचा आतला गाभा, त्या नावाचा ट्रेडमार्क तो सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा, पेंग्विनचं चित्र लॅरी युइंगने १९९६ मध्ये काढलेलं, आणि लोक जे इन्स्टॉल करतात ती असतात वेगवेगळ्या संस्थांची डिस्ट्रो, म्हणजे त्या गाभ्याभोवती बांधलेल्या उबंटू, फेडोरासारख्या पूर्ण सिस्टिम. जाहिरात पाहून आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणणारं एक दार नव्हतंच. जाहिरात नावाची झाली, पण त्या नावाचं दुकान कुठेच नव्हतं. टक्स ५०० च्या अपयशाचं मूळ मला इथे दिसतं, भिंतीला आपटण्यात नाही आणि कमी वर्गणीतही नाही. साडेतीन लाख डॉलर पूर्ण जमले असते तरी निकाल फार वेगळा लागला नसता.

आता याच्या शेजारी त्याच आठवड्यात घडलेली दुसरी गोष्ट ठेवा, म्हणजे फरक चटकन दिसेल. रेस २७ मेला होती. त्याच्या तीनच दिवस आधी, २४ मे २००७ ला, डेलने अमेरिकेत उबंटू आधीच बसवलेले कॉम्प्युटर विकायला काढले, दोन डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप. हे कसं झालं? फेब्रुवारीत डेलने आयडियास्टॉर्म नावाची साइट काढली होती, 'तुम्हाला आमच्याकडून काय हवं ते सांगा आणि मत द्या' अशी. लिनक्सवाल्यांनी तिथे इतकी मतं टाकली की लिनक्स बसवून द्या ही मागणी यादीत पार वर जाऊन बसली, आणि कंपनीला त्याकडे काणाडोळा करता येईना. यात वर्गणी नाही, स्टिकर नाही, लोकांचा वेळ फक्त. आणि मिळालं काय, तर वर सोफ्यावरच्या माणसाला लागलेल्या सगळ्या अडचणी, म्हणजे डाउनलोड, सीडी, बायोस, वायफाय, या एकदम गायब, कारण कॉम्प्युटर घरी येतानाच लिनक्स घेऊन येणार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असुसचा ई-पीसी हा छोटा लॅपटॉप आला, लिनक्स बसवलेला, आणि तो घेणाऱ्या कित्येकांनी आत काय आहे हे विचारलंसुद्धा नाही.

मला कुणी म्हणेल की हे मागाहून शहाणपण झालं. तसं नाहीये, कारण समाजाने वर्गणी काढून केलेली जाहिरात यशस्वी होऊ शकते याचं ताजं उदाहरण त्या वेळी समोर होतं, आणि ते नीट पाहिलं असतं तर कुठल्या अटींवर यशस्वी होते हेही दिसलं असतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० हा ओपन सोर्स ब्राउझर आला. तो येण्याच्या सुमाराला त्याच्या चाहत्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात द्यायची म्हणून पैसे गोळा केले, दहाएक दिवसांत दहा हजारांच्या आसपास लोकांनी मिळून अडीच लाख डॉलर दिले, आणि १६ डिसेंबर २००४ ला दोन पानी जाहिरात छापून आली. पैसे देणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या जाहिरातीत बारीक अक्षरात छापलं होतं. यातली गंमत बघा. पैसे देणाऱ्याला काय मिळालं, तर न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःचं नाव, म्हणजे नुसतं पुण्य नाही, हातात धरता येईल अशी वस्तू. साधारण माणशी पंचवीस डॉलर पडले, एक नाही. आणि जाहिरात वाचणाऱ्याला काय करायचं होतं? एक साइट उघडायची, पाच एमबीच्या आतली फाइल उतरवायची, इन्स्टॉल करायची, जुना ब्राउझर आहे तसा राहू द्यायचा, नाही आवडलं तर परत जायचं. दहा मिनिटांचं काम. नाव एक, वस्तू एक, पत्ता एक, आणि मागे मोझिला फाउंडेशन ही एक संस्था जी आलेल्या माणसाला सांभाळणार होती. लिनक्सकडे यातली एकही गोष्ट त्या वेळी नव्हती.

म्हणून कुणी 'ओपन सोर्सला जाहिरात चालतच नाही' म्हणालं तर मला ते पटत नाही. चालते, पण बघणाऱ्याला लगेच काय करायचं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. हे वाक्य तयार नसेल तर रेस काय आणि पेपर काय, दोन्हीकडे पैसे ओतून हाती काही लागत नाही.

रेसचं अजून एक उदाहरण आहे आणि ते टक्स ५०० पेक्षा खूपच चांगलं वठलं. डोजकॉइन, म्हणजे कुत्र्याचं चित्र असलेलं इंटरनेटवरचं चलन, डिसेंबर २०१३ मध्ये जन्मलेलं, कोड ओपन सोर्स, चाहते प्रचंड हौशी. २०१४ मध्ये जॉश वाइज नावाचा नॅसकार (अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या रेस मालिकेचा) ड्रायव्हर ९८ नंबरची गाडी चालवत होता, टीम छोटी, स्पॉन्सरची मारामार. डोजकॉइनवाल्यांनी सुमारे ६.७८ कोटी डोज जमवले, तेव्हाच्या भावाने साधारण ५५,००० डॉलर, आणि ४ मे २०१४ ला टॅलाडेगाच्या रेसमध्ये अख्खी गाडी त्या कुत्र्याच्या चित्राने रंगवून उतरली. वाइज विसावा आला. टीव्हीवर कॉमेंट्री करणारे या गाडीबद्दल बोलत राहिले, कारण गोष्टच तशी होती, इंटरनेटवरच्या पोरांनी एका अडलेल्या ड्रायव्हरला हात दिला. एवढ्यावर थांबलं नाही, त्याच महिन्यात ऑल-स्टार रेससाठी चाहत्यांच्या मतदानात हेच लोक कामाला लागले आणि डॅनिका पॅट्रिकसारखं मोठं नाव मागे टाकून वाइजला निवडून आणलं.

टक्स ५०० ने मागितलेल्या रकमेच्या सहाव्या हिश्शातही कमी पैशात यांना किती जास्त मिळालं! कारण यांनी स्टिकर विकत घेतला नाही, एक गोष्ट घडवली आणि ती रेसनंतरही चालू ठेवली. ड्रायव्हर त्यांना नावाने ओळखत होता, त्यांच्याशी बोलत होता. चॅनेलवाल्यांना फुकटात बातमी मिळाली आणि डोजकॉइनला फुकटात वेळ. म्हणजे रेसच्या जाहिरातीची ताकद खरी आहे हे इथे मान्य करायलाच हवं.

पण मग माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी येतो. ते ५५,००० डॉलर गाडीला गेले, कोडला त्यातलं काही मिळालं नाही. डोजकॉइनला त्याचा फारसा तोटा नाही, कारण ते चलन आहे, जितके जास्त लोक ओळखतील, घेतील, तितकं ते चालतं, ओळख हाच तिथे माल आहे. बहुतेक ओपन सोर्स प्रोजेक्टचं तसं नसतं. तिथे वापरणारे वाढले की आधी वाढतात तक्रारी, बग रिपोर्ट, 'हे का होत नाही' म्हणून येणारे मेल, आणि ते निस्तरणारी माणसं तीच दोन-चार असतात, संध्याकाळी नोकरीवरून घरी येऊन काम करणारी. विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक नवीन गिऱ्हाईक पैसे आणतं, त्यातून ती मदतीला माणसं ठेवते. फुकट सॉफ्टवेअरचा प्रत्येक नवीन वापरकर्ता आधी खर्च आणतो, त्याच्यातला एखादा पुढे हात लावायला येतो तेव्हा कुठे फायदा. जाहिरात यशस्वी झाली तर प्रोजेक्टचं काय होईल, हा प्रश्न टक्स ५०० च्या वेळी जवळपास कुणी विचारलाच नाही, सगळे फक्त फसली तर काय यावर भांडत बसले.

ओपन सोर्समध्ये पैशाची खरी ओढाताण कुठे असते ते हार्टब्लीड नावाच्या सुरक्षेतल्या चुकीच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. एप्रिल २०१४, म्हणजे डोजकॉइनची गाडी धावायच्या महिनाभर आधीच, ओपनएसएसएलमध्ये ती भयंकर चूक सापडली. इंटरनेटवरच्या कुलपांचा एवढा मोठा भाग ज्या कोडवर उभा होता त्या प्रोजेक्टला वर्षाला देणग्या येत होत्या साधारण २,००० डॉलर. नाव माहीत नाही म्हणून ते उपाशी होतं का? अजिबात नाही, नाव तर प्रत्येक मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरला पाठ होतं. वापरणारे अमाप होते, देणारे नव्हते. नंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना एकत्र बसवून, प्रत्येकीने वर्षाला किमान एक लाख डॉलर तीन वर्षं द्यायचे असं ठरवून निधी उभा केला. एका गाडीच्या मुख्य स्पॉन्सरपदाला जे पैसे मागितले जात होते ते एका कंपनीच्या तीन वर्षांच्या किमान वाट्यापेक्षाही जास्त होते, हे आकडे शेजारी ठेवले की मला खरंच वाईट वाटतं.

आणि लोक कोडसाठी पैसे देत नाहीत असंही नाही. २००२ मध्ये ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा टॉन रोझेंडालने लोकांना सरळ सांगितलं, एक लाख युरो जमवा, गुंतवणूकदारांकडून कोड सोडवून घेतो आणि सगळ्यांना खुला करतो. सात आठवड्यांत जमले. आज ब्लेंडर कुठे आहे ते सांगायला नको. तीही वर्गणीच, तेही ओपन सोर्सचे चाहतेच, रक्कमही त्याच पट्टीतली. फरक इतकाच की पैसे दिले की काय मिळणार हे प्रत्येकाला स्वच्छ दिसत होतं.

मग रेसमध्ये ओपन सोर्सचं नाव असूच नये का? ज्याच्यामागे कमावणारी कंपनी आहे त्याचं बिनधास्त असावं. २०२२ पासून मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीच्या चाकांच्या कव्हरवर गूगलने क्रोमचे रंग लावले, गोल फिरणारं चाक आणि गोल लोगो, जाहिरात म्हणून अगदी चपखल. क्रोमच्या पोटात क्रोमियम आहे, ते ओपन सोर्स, पण पैसे गूगलचे, आणि ब्राउझर वापरणारा प्रत्येक माणूस गूगलला कुठे ना कुठे कमाई देतो, त्यामुळे त्यांचा हिशोब जुळतो. तसंच सपोर्टचे करार विकणारी एखादी लिनक्स कंपनी रेस टीमशी बोलली तर तिने पैशाऐवजी काम द्यावं, टीमचे सर्व्हर सांभाळावेत, बदल्यात लोगो घ्यावा आणि मग मोठ्या गिऱ्हाइकांना पिटमध्ये नेऊन 'हे बघा, आमच्यावर काय चाललंय' हे दाखवावं. हे मला पटतं, कारण इथे बघायला येणारा माणूस दहा लाखांतला एक सोफ्यावरचा प्रेक्षक नसतो, सहीचा अधिकार असलेला माणूस असतो.

तसंही लिनक्स गाड्यांपर्यंत पोचलंच, फक्त बाहेरच्या बाजूने नाही. गाडीवरून हवा कशी वाहते याची गणितं ज्या प्रकारच्या कॉम्प्युटर क्लस्टरवर होतात तिथे लिनक्सचंच राज्य आहे, नोव्हेंबर २०१७ पासून तर जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर. ओपनफोम हे त्याच गणिताचं सॉफ्टवेअर २००४ पासून खुलं आहे आणि वाहन उद्योगात वापरलं जातं. टोयोटाने २०१८ च्या कॅमरीत डॅशबोर्डवरची सिस्टिम ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्सवर दिली. यातलं काहीही कुणी टीव्हीवर पेंग्विन पाहिला म्हणून झालेलं नाही, इंजिनिअर लोकांना ते वापरणं सोयीचं आणि स्वस्त पडलं म्हणून झालं.

टक्स ५०० ची एक बाजू मात्र मला मनापासून आवडते आणि ती हिशोबात कुणी धरत नाही. वर्षानुवर्षं कुठल्या डिस्ट्रोवरून तर कुठल्या एडिटरवरून भांडणाऱ्या लोकांनी एका गाडीसाठी डॉलर काढले आणि रविवारी टीव्हीसमोर बसून एका ब्राझिलियन ड्रायव्हरसाठी जीव टांगणीला लावला. आपण एक आहोत असं वाटणं ही छोटी गोष्ट नाही. पण त्यासाठी वर्गणी काढायची असेल तर तसं सांगून काढावी, 'चला मजा करू' म्हणून, लोक आनंदाने देतील. 'यातून लिनक्स घरोघरी पोचेल' असं सांगून काढली की मग तो शब्द पाळावा लागतो.

आणि घरोघरी पोचवणं कसं असतं हेसुद्धा याच प्रकरणातल्या माणसाने करून दाखवलं. केन स्टार्क्स टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून, त्यावर लिनक्स बसवून, ज्यांना परवडत नाही अशा घरांतल्या मुलांना द्यायचं काम करत होता. सुरुवातीला हीलिओएस प्रोजेक्ट म्हणून, पुढे रीग्लू या नावाने. कॉम्प्युटर देऊन मोकळं व्हायचं नाही, घरी जाऊन लावून द्यायचा, मुलाला शिकवायचं. नऊ वर्षांत ११०० हून जास्त कॉम्प्युटर गेले आणि २०१४ चा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा सामाजिक उपयोगाच्या कामाचा पुरस्कार रीग्लूला मिळाला.

उद्या एखाद्या प्रोजेक्टकडे कुणी रेस टीमचा माणूस आला आणि 'एवढे द्या, तुमचा लोगो गाडीवर लावतो' म्हणाला, तर मी त्या लोकांना एवढंच करायला सांगेन की आधी आपली साइट आपल्या घरातल्या सगळ्यात कमी कॉम्प्युटर येणाऱ्या माणसासमोर उघडा, त्याला काही न सांगता शेजारी बसा, आणि तो दहा मिनिटांत सॉफ्टवेअर चालू करतोय का ते बघा. करत असेल तर टीमशी बोला, आणि बोलताना स्टिकरच्या जागेपेक्षा ड्रायव्हर तुमच्यासाठी किती वेळ देणार हे आधी विचारा. करत नसेल तर ते पैसे इन्स्टॉलर दुरुस्त करणाऱ्याला द्या.